प्रोग्रॅम बसवणारा प्रोग्रॅम

शाळेच्या संगणक-खोलीत नवा प्रोग्रॅम बसवण्याची वेळ तुमच्यावर अनेकदा आली असेल. 'सेटअप' नावाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, मग 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', अटी न वाचताच 'आय अ‍ॅग्री', पुन्हा 'नेक्स्ट'. एक रंगीत पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते आणि शेवटी 'फिनिश'. या दोन-तीन मिनिटांत त्या खिडकीमागे काय चाललेले असते, याचा आपण फारसा विचार करत नाही. आम्हीही करत नव्हतो. तो करावा लागला, एका शाळेतल्या मुलांनी मोजलेला अख्खा पावसाळा आमच्या हातून पुसला गेला तेव्हा.

हकिगत अशी. २००८ साली आम्ही तिघे नुकतेच पीएच.डी. संपवून संशोधनाच्या नोकरीला लागलो होतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका माध्यमिक शाळेत मुले पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजत. (हवामान खात्याची पाऊस मोजण्याची वेळही हीच.) त्यांच्यासाठी आम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये भरायचा. प्रोग्रॅम आठवड्याची आणि महिन्याची बेरीज करी, स्तंभालेख काढी, दोन वर्षांची तुलना दाखवी. पहिल्या वर्षी मुलांनी आकडे आधी वहीत लिहिले आणि मग संगणकात भरले. दुसऱ्या वर्षी आम्हीच म्हणालो, "आता वही कशाला? थेट संगणकातच भरा."

२०१० च्या जूनमध्ये सुधारित आवृत्तीची सीडी आम्ही टपालाने पाठवली. काही दिवसांनी विज्ञानाच्या बाईंचा फोन आला.

"सर, नवा प्रोग्रॅम छान चालतोय. पण आधीचा पाऊस कुठे दिसत नाही."

"प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये नोंदींची फाइल आहे का, बघता का बाई?"

"आहे. उघडली तर रिकामी आहे."

आमच्या पोटात गोळा आला. नोंदींची फाइल आम्ही प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. आणि आमचा सेटअप नवी आवृत्ती ठेवण्यापूर्वी जुना फोल्डर सरसकट पुसून टाकत होता. हेतू चांगला होता: जुन्या आवृत्तीचे काही शिल्लक राहू नये. आमच्या संगणकावर आम्ही तो दहा वेळा तरी चालवून पाहिला होता आणि दहाही वेळा तो बिनचूक चालला, कारण आमच्या संगणकावर कोणाचाच पाऊस नव्हता. पुसलेली फाइल परत मिळवण्याचा खटाटोपही केला. पण मधल्या दिवसांत त्या जागेवर दुसरे बरेच काही लिहिले गेले होते. २००८ चा पाऊस वहीत होता. २००९ चा कुठेच नव्हता. बाई रागावल्या नाहीत. "मुलं विचारतायत, गेल्या वर्षीचा पाऊस आता परत कसा मोजायचा?" एवढेच म्हणाल्या.

अशी चूक नवशिकेच करतात असे नाही. १९९८ च्या डिसेंबरात बंजी या अमेरिकन कंपनीचा 'मिथ टू' हा खेळ बाजारात निघाला, तेव्हा ऐन वेळी लक्षात आले की त्याच्याबरोबर दिलेला काढून टाकणारा प्रोग्रॅम, खेळ ज्या फोल्डरमध्ये बसवला असेल तो फोल्डरच आतल्या सगळ्यासकट पुसतो. नेहमीच्या जागी बसवला तर काही बिघडत नव्हते. पण कोणी तो थेट डिस्कच्या मुळाशी बसवला असेल, तर खेळाबरोबर डिस्कवरचे सारेच जाणार! कंपनीने रवाना केलेल्या प्रती परत मागवल्या.

मराठीत आपण प्रोग्रॅम 'बसवतो', गणपती बसवतो तसा. पण गणपती बसवतानाच विसर्जनाचा दिवस ठरलेला असतो. सेटअप बांधणारे बहुतेक जण विसर्जनाचा विचार अगदी शेवटच्या संध्याकाळी करतात. आम्हीही तसेच केले होते.

फाइल कोणाची?

सेटअपचे काम वरवर पाहता हमालाचे आहे. दाबून बांधलेल्या फाइली सोडवायच्या, ठरलेल्या जागी ठेवायच्या, 'रजिस्ट्री' नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत चार ओळी लिहायच्या, पडद्यावर एक चित्र लावायचे. एवढेच असते तर त्यासाठी खास साधनांची गरज पडली नसती. फाइली नुसत्या नकलून भागले असते. खरा प्रश्न नंतर येतो. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, किंवा कोणी प्रोग्रॅम काढून टाकतो, तेव्हा कोणत्या फाइलीला हात लावायचा आणि कोणत्या नाही?

फाइली चार तऱ्हांच्या असतात. पहिली, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या: त्या बेधडक बदलाव्या, बेधडक काढाव्या. दुसरी, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या सामायिक फाइली. तिसरी, मांडणीच्या: अक्षर केवढे हवे, आलेखाचा रंग कोणता. यांचा जन्म आपल्याकडे होतो, पण वापरणारा त्या बदलतो. आणि चौथी, वापरणाऱ्याने स्वतः निर्माण केलेल्या, म्हणजे मुलांचा पाऊस. भाडेकरू घर सोडताना स्वतःचे सामान नेतो, मालकाचा पंखा काढून नेत नाही, आणि शेजाऱ्याने ठेवायला दिलेला डबा कचऱ्यात टाकत नाही. आमचा सेटअप निघाला तो डबा टाकूनच.

सामायिक फाइलींनी तर विंडोजच्या पहिल्या दशकात धुमाकूळ घातला होता. त्या काळी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमना 'व्हीबीरन३००' नावाची एक डी.एल.एल. फाइल लागे. ती विंडोजच्या 'सिस्टिम' फोल्डरमध्ये ठेवायची अशी रीत होती आणि प्रत्येक सेटअप स्वतःबरोबर तिची एक प्रत आणी. अशा सामायिक फाइलींच्या बाबतीत निष्काळजी सेटअप आधीपासून असलेल्या नव्या प्रतीवर आपली जुनी प्रत चढवून मोकळे होत. आता समजा, सोमवारी तुम्ही चित्रकलेचा प्रोग्रॅम बसवला आणि मंगळवारी हिशेबाचा प्रोग्रॅम चालेनासा झाला. कोणाला शंका येणार की दोष सोमवारच्या सेटअपचा? या प्रकाराला 'डी.एल.एल. हेल' असे नावच पडले होते.

यावर उपाय म्हणून विंडोज ९५ मध्ये प्रत्येक सामायिक फाइलीचा एक आकडा रजिस्ट्रीत ठेवण्याची सोय आली. ती वापरणारा प्रोग्रॅम बसला की आकडा एकाने वाढवायचा, निघाला की कमी करायचा. शून्य झाला म्हणजे फाइल कोणालाच नको. कल्पना सुबक आहे, पण ती सगळ्यांनी पाळली तरच चालते. एकाने आकडा वाढवायचे विसरले की कोणाची तरी हवी असलेली फाइल जाणार. म्हणून तर त्या काळचे प्रोग्रॅम काढताना 'ही सामायिक फाइल आता कोणी वापरत नसावे, पुसू का?' असे विचारले जाई, आणि ज्याला यातले काहीच माहीत नाही त्याच्यावर निर्णय ढकलला जाई. विंडोज २००० पासून विंडोजने स्वतःच्या फाइलींवर पहारा बसवला आणि त्रास बराच कमी झाला.

येथे थोडे आडवळण घेऊ, कारण मुले हा प्रश्न हमखास विचारतात: सेटअप झाल्यावर संगणक पुन्हा सुरू का करावा लागतो? चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल विंडोज कुलूपबंद ठेवते. तिच्या जागी नवी ठेवता येत नाही. मग सेटअप एक चिठ्ठी लिहून ठेवतो: 'पुढच्या वेळी सुरू होताना, बाकीचे जागे होण्याआधी, ही फाइल काढून ती ठेव.' लिनक्समध्ये गोष्ट वेगळी आहे. तेथे फाइलीचे नाव आणि फाइलीतला मजकूर यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. नाव नव्या मजकुराला जोडले, तरी चालू प्रोग्रॅम जुना मजकूर धरून राहतो आणि तो थांबला की जुना मजकूर आपोआप मोकळा होतो. त्यामुळे तेथे संगणक पुन्हा सुरू करण्याची वेळ क्वचित येते.

आज्ञा की तक्ता?

फोन आला त्या आठवड्यात आम्ही साधनांचा अभ्यास करायला बसलो. तो आधी करायला हवा होता, हे खरे. साधने पुष्कळ आहेत, पण त्यांच्यामागच्या विचारांच्या जाती मोजक्याच.

पहिली जात आज्ञांची. अमुक फाइल येथे ठेव, मग तमुक कर, मग ते कर. 'एन्सिस' हे याचे उत्तम उदाहरण. विनॅम्प हा गाणी ऐकण्याचा प्रोग्रॅम करणाऱ्या नलसॉफ्टने ते स्वतःच्या गरजेसाठी लिहिले आणि सर्वांना फुकट दिले. त्याने बांधलेला सेटअप अंगाने अगदी सडपातळ असतो आणि त्यात जवळजवळ काहीही करता येते. पण बसवण्याच्या आज्ञा जशा आपण लिहायच्या, तशा काढण्याच्याही आपणच लिहायच्या. दहा फाइली ठेवल्या आणि नवांच्याच पुसण्याच्या आज्ञा लिहिल्या, तर दहावी राहते. मग कंटाळलेला माणूस लिहितो: 'सगळा फोल्डर पूस.' एन्सिसच्या माहितीपुस्तिकेत नेमक्या याच आज्ञेबद्दल धोक्याची सूचना आहे. आमच्या त्या साधनाच्या पुस्तिकेतही अशी सूचना असेल कदाचित; आम्ही पुस्तिका उघडलीच नव्हती.

दुसरे साधन 'इनो सेटअप'. जॉर्डन रसेल यांनी ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही ते नांदते आहे. यात बहुतेक काम आज्ञांनी नव्हे तर यादीने होते. एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचे: या फाइली, ही चित्रे, या रजिस्ट्रीच्या ओळी. खास काही हवे असेल तर पास्कल भाषेत चार ओळी जोडता येतात. ज्या शिक्षकांनी टर्बो पास्कल शिकवले असेल, त्यांना त्या ओळखीच्या वाटतील. मुख्य गोष्ट अशी की बसवताना काय काय केले याची नोंद इनो स्वतः ठेवतो आणि काढताना ती नोंद उलट वाचत जातो. आपण ठेवले तेवढेच काढायचे, ही शिस्त साधनातच आहे. शिवाय प्रत्येक फाइलीपुढे 'आधी नसेल तरच ठेव' आणि 'काढताना हिला हात लावू नकोस' अशा अर्थाचे शेरे लिहिता येतात. वर सांगितलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेच्या फाइलींसाठी आम्हाला हेच हवे होते. सरसकट फोल्डर पुसण्याची वाट इनोमध्येही आहे, पण तेथेही पुस्तिका बजावते की हे करू नका, लोकांनी स्वतःच्या फाइली तेथे ठेवलेल्या असतात.

तिसरी जात तक्त्याची, आणि ती विचार म्हणून सर्वांत देखणी आहे. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने 'विंडोज इन्स्टॉलर' आणला. त्याची एमएसआय फाइल म्हणजे मुळात प्रोग्रॅम नव्हेच. ती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांची एक लहानशी माहितीपेढी असते. कोणता घटक, त्यात कोणती फाइल, ती कोठे जाणार, हे तक्त्यात लिहायचे. प्रत्यक्ष काम विंडोजमध्ये आधीच असलेले यंत्र करते. ते प्रत्येक पावलाबरोबर उलट्या पावलाची तयारी ठेवते आणि अर्ध्यावर काही बिघडले तर संगणक होता तसा करून देते. बँकेत एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर पहिला व्यवहारही रद्द होतो. तोच हा विचार. एखादी फाइल चुकून पुसली गेली तर दुरुस्तीही होते, कारण काय असायला हवे ते तक्त्यात लिहिलेले असते.

एमएसआयचा एक नियम वाचून तर आम्ही खूष झालो. ज्या फाइलीला आवृत्तीचा क्रमांक नाही आणि जी बसवल्यानंतर बदललेली दिसते, ती वापरणाऱ्याने बदलली असे समजून तिच्यावर नवी चढवायची नाही. वाटले, हा नियम आमच्याकडे असता तर! पण थोडे पुढे वाचले. हा नियम नव्याने जुन्याला झाकण्यापुरता आहे. प्रोग्रॅम काढताना, त्याने बसवलेली फाइल बदललेली असली तरी निघते. आणि एमएसआयमध्ये मोठी सुधारणा म्हणजे जुनी आवृत्ती काढणे आणि नवी बसवणे. आधी काढून मग बसवले, तर बदललेली फाइल पहिल्याच पावलात जाते. आधी बसवून मग काढले, तर वाचू शकते. क्रम निवडणे बांधणाऱ्याच्या हाती आहे. म्हणजे इतक्या विचारपूर्वक केलेल्या साधनानेही आमचीच चूक अगदी शिस्तीत करता आली असती.

एमएसआयच्या खाचाखोचा एवढ्यावर संपत नाहीत. उदाहरणार्थ, आवृत्तीच्या क्रमांकातले पहिले तीनच भाग तो तुलनेसाठी पाहतो, १.२.३.४ आणि १.२.३.५ त्याच्या लेखी सारखेच. आम्हाला अडली ती आणखी एक गोष्ट. त्याच्या तक्त्यांतला मजकूर 'कोडपेज' नावाच्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचाला बांधलेला असतो, आणि देवनागरीला विंडोजमध्ये तसे जुने कोडपेज कधी मिळालेच नाही. खिडकीत मराठी सूचना दाखवायच्या तर आडवाटेने जावे लागते. सातवीच्या मुलांपुढे 'पुढे' आणि 'रद्द' असे शब्द यावेत ही आमची साधी इच्छा होती.

लिनक्सवाल्यांनी हा प्रश्न मुळापासूनच निराळा सोडवला. तेथे प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला सेटअप आणायचा नसतो. सगळ्यांसाठी एकच कोठारपाल असतो: डेबियनमध्ये १९९४ पासूनचा 'डीपीकेजी', रेड हॅटमध्ये १९९५ चा 'आरपीएम'. कोणती फाइल कोणत्या गठ्ठ्याची, याची एकच वही. एका गठ्ठ्याने दुसऱ्याच्या फाइलीवर आपली चढवू पाहिली तर डीपीकेजी सरळ नकार देतो. मांडणीची फाइल तुम्ही बदललेली असेल, तर नवी आवृत्ती बसवताना तो थांबून विचारतो, तुमची ठेवू की आमची? आणि काढण्यासाठी तेथे दोन वेगळे शब्द आहेत. 'रिमूव्ह' म्हणजे प्रोग्रॅम काढ, पण मांडणीच्या फाइली राहू दे. 'पर्ज' म्हणजे त्याही काढ. हा भेद भाषेतच आल्यामुळे काढणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. आमच्या शाळांतले संगणक लिनक्सवर असते तर हा लेख बराच लहान झाला असता.

साधनाचेही आयुष्य असते

साधन निवडताना लोक विचारतात, शिकायला किती सोपे? दिसते कसे? आम्ही आता पहिला प्रश्न विचारतो तो असा: पाच वर्षांनी, आमच्यापैकी कोणी येथे नसताना, एखादा नवा विद्यार्थी हा सेटअप पुन्हा बांधू शकेल का?

कारण साधने मरतात. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या प्रसिद्ध कार्यशाळेत सेटअप बांधण्याची सोय वर्षानुवर्षे होती. माउसने ओढाओढी केली की सेटअप तयार. २०१२ च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकण्यात आली. ज्यांचे सेटअप त्यात बांधलेले होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: नवी कार्यशाळा घ्यावी की जुनी जपून ठेवावी? पुष्कळांनी एक जुना संगणक केवळ सेटअप बांधण्यासाठी कोपऱ्यात ठेवला. गाऱ्हाणी इतकी झाली की २०१४ मध्ये ती सोय जोडपत्राच्या रूपाने परत आली.

याहून विचित्र कथा १६-बिटी सेटअपची. १९९०च्या दशकात पुष्कळ प्रोग्रॅम ३२-बिटी झाले, पण त्यांना बसवणारे सेटअप मात्र १६-बिटीच राहिले, म्हणजे ते जुन्या-नव्या दोन्ही विंडोजवर सुरू होतील. पुढे ६४-बिटी विंडोज आले. ते ३२-बिटी प्रोग्रॅम चालवते, पण १६-बिटी चालवत नाही. परिणाम असा की प्रोग्रॅम चालायला तयार, पण त्याला आत आणणाराच दारात अडकलेला. वरात आली, पण नवरदेवाचा घोडा गावच्या पुलावरून जाईना! काही प्रसिद्ध जुन्या सेटअपपुरती विंडोजने युक्ती केली: त्यांना ओळखून त्यांच्या जागी गुपचूप ३२-बिटी बदली माणूस उभा करायचा. ज्यांनी स्वतःची वेगळी वाट काढली होती, ते मात्र बाहेरच राहिले.

म्हणून आम्ही सेटअपची कृती साध्या मजकुराच्या फाइलीत असावी असा आग्रह धरतो. ती प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणाशेजारी ठेवता येते, गेल्या वर्षीच्या कृतीशी ओळीओळीने ताडून पाहता येते आणि एका आज्ञेने यंत्राकडून बांधून घेता येते. माउसने केलेल्या ओढाओढीची अशी तुलना करता येत नाही. एमएसआय बांधण्यासाठी हे काम 'वायक्स' करतो. २००४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने तो मुक्त केला. त्या कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेला हा पहिला प्रकल्प. यात तक्ते एक्सएमएल भाषेत लिहायचे असतात. मात्र चौथ्या आवृत्तीत त्याची लिहिण्याची पद्धत बदलली आणि जुन्या कृती रूपांतरित कराव्या लागल्या. २०२५ पासून तर, वायक्स वापरून जे पैसे मिळवतात त्यांनी देखभालीसाठी वर्गणी द्यावी असे ठरले. आम्हाला यात गैर वाटत नाही. फुकट मिळणाऱ्या साधनामागेही कोणीतरी रात्री जागत असते, हे आपण सहज विसरतो.

अखेर आम्ही काय निवडले? पावसाच्या प्रोग्रॅमसाठी इनो. फाइली वीसच्या आत, बसवणारे शिक्षक, मराठी खिडक्या हव्यात, आणि प्रशासकाचा पासवर्ड बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या कपाटात! इनो अशा पासवर्डशिवाय, त्या एका खात्यापुरतेही बसवू देतो. संगणक-खोलीत वीस यंत्रे असतील तर प्रत्येकावर 'नेक्स्ट' दाबत बसायला नको. काही न विचारता बसव असे त्याला आज्ञेतून सांगता येते. आमच्या संस्थेतल्या उपकरणांच्या प्रोग्रॅमसाठी मात्र आम्ही वायक्स वापरतो. तेथे शेकडो संगणक एका जागेवरून सांभाळले जातात आणि विंडोजची ती यंत्रणा एमएसआय फाइलच मागते. एन्सिस आम्ही वापरत नाही. ते वाईट आहे म्हणून नव्हे. आमच्या शिस्तीवर आमचा विश्वास उरलेला नाही म्हणून.

साधन बदलून सगळे सुटले असे मात्र नाही. मूळ चूक प्रोग्रॅममध्येही होतीच: मुलांच्या नोंदी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवायलाच नको होत्या. ती किती मोठी चूक होती ते २०११ मध्ये दुसऱ्या एका शाळेने दाखवले. तेथे आमची जुनी आवृत्ती विंडोज ७ वर चालत होती. सकाळच्या वर्गाने भरलेला पाऊस दुपारच्या वर्गाला दिसेना आणि दुपारच्यांचा सकाळच्यांना. नोंदी तर एकाच फाइलीत जात होत्या! उलगडा असा झाला की विंडोज व्हिस्टापासून साध्या खात्याला 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. पण आमच्यासारखे जुने प्रोग्रॅम कोलमडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप त्या त्या खात्याच्या खासगी कोपऱ्यात वळवते. दोन वर्गांची खाती दोन, म्हणून पाऊसही दोन. या वेळी काही हरवले नव्हते. आम्ही दोन्ही फाइली शोधून एकत्र केल्या आणि नोंदी कायमच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवल्या.

रिकाम्या यंत्रावर

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना करून पाहता येईल असा एक प्रयोग सुचवतो. संगणकात आभासी संगणक चालवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. त्यात कोरे विंडोज बसवा आणि त्या अवस्थेची छबी जपून ठेवा, म्हणजे हवे तेव्हा तिकडे परतता येईल. आता डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची यादी एका फाइलीत लिहून घ्या; 'डीआयआर' या आज्ञेने ती निघते. कोणताही एक प्रोग्रॅम बसवा. पुन्हा यादी घ्या. प्रोग्रॅम एकदा चालवा, त्यात काहीतरी स्वतःचे साठवा, मग तो काढून टाका आणि तिसरी यादी घ्या. तीन याद्या शेजारी ठेवल्या की त्या सेटअपचा स्वभाव कळतो: काय आणले, काय मागे ठेवले, काय नको ते नेले. विंडोज स्वतःही अधूनमधून फाइली लिहिते, त्यामुळे याद्यांत थोडा गाळ येईलच. तो ओळखणे हाही प्रयोगाचाच भाग आहे.

आम्ही आता प्रत्येक नवी आवृत्ती अशीच तपासतो, पण एका फरकाने. आमचे रिकामे यंत्र पूर्ण रिकामे नसते. त्यावर जुनी आवृत्ती असते आणि तिच्यात एका काल्पनिक शाळेचा दोन वर्षांचा पाऊस भरलेला असतो. नवी आवृत्ती बसवून झाली की बेरीज मिलिमीटरला मिलिमीटर जुळते का, हे यंत्रच पाहते. जुळली नाही तर सेटअप आमच्या खोलीबाहेर जात नाही. एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही, ती सहीची. अनोळखी सेटअप चालवताना विंडोज जी निळी धोक्याची खिडकी दाखवते, ती टाळायला सेटअपवर डिजिटल सही लागते. सही करण्याचे प्रमाणपत्र दरवर्षी पैसे मोजून घ्यावे लागते, आणि जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली वेगळ्या हार्डवेअरमध्येच ठेवावी असा नियम आहे. शाळांना फुकट द्यायच्या प्रोग्रॅमसाठी हा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, हे आमच्या लेखाविभागाला पटवण्याचे काम चालू आहे.

अलीकडेच एका शाळेतल्या संगणकाच्या सरांनी आम्हाला लिहिले, 'तुमचा प्रोग्रॅम काढून टाकला तरी डॉक्युमेंट्समध्ये पर्जन्य नावाचा एक फोल्डर मागे राहतो. स्वच्छता अपुरी आहे. कृपया दुरुस्त करावे.' आम्ही त्यांना उत्तर पाठवले की तो फोल्डर आमचा नाही, तुमच्या मुलांचा आहे; नको असेल तर तो उघडून, आत काय आहे ते पाहून, तुमच्या हाताने पुसा.